तारामती करणाऱ्या वैनींचं स्वतःचं लेकरू गेलंय. स्मशानाचा प्रवेश ठेवावा का?

शहापूर_ताई

नमस्कार. बेळगाव-खानापूर भागात जत्रेची, गणपतीची नाटकं बसवणारी बरीच माणसं इथं लिहितात, म्हणून विचारते. थोडं लांबेल.

आमचं महिला मंडळ यंदा हरिश्चंद्र-तारामती करतंय, एका जुन्या हाती लिहिलेल्या वहीवरून. वहीत पदं पुष्कळ आहेत. त्यातली निम्मी ठेवली, बाकी गद्यावर भागवलं, कारण रात्री दहाच्या पुढं बायकांना थांबवणं जमत नाही. सगळे पार्ट बायकाच करणार, विश्वामित्रसुद्धा. रोहिदास तेवढा माझ्या बहिणीचा मुलगा आहे, आठ वर्षांचा. तालमी शाळेच्या हॉलमध्ये चालतात.

तारामतीला लागणारा गळा आमच्यात एकाच बाईकडं आहे. आमच्याच गल्लीतल्या वैनी. त्यांचे वडील पेटी वाजवायचे, त्यामुळं नाट्यपदं लहानपणापासून कानावर पडलेली. भजनात त्यांनी सूर लावला की बाकीच्या आपोआप गप्प होतात. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा गेला. नऊ वर्षांचा होता. त्यानंतर बरेच दिवस त्या भजनालाही येत नव्हत्या. तारामती कोण करणार हा विषय निघाला तेव्हा आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघत बसलो, आणि त्याच म्हणाल्या, "मी करते की."

वाचन सुरू झालं. काशीच्या बाजारात राजा, राणी आणि लेकरू विकलं जातं तो प्रवेश त्यांनी असा वाचला की चहा घेऊन आलेली बाई किटली हातात धरून दारातच उभी राहिली. रोहिदास फुलं-दर्भ आणायला रानात जातो, साप चावतो, बरोबरची मुलं येऊन सांगतात, तेही वाचून झालं. मग स्मशान. प्रेत मांडीवर, हरिश्चंद्र कर मागतो, हिच्याजवळ फुटका मणी नाही, तिथलं पद त्यांनी पूर्ण म्हटलं. आम्ही सगळ्या रडत होतो, त्यांचा आवाज कुठंही हलला नाही. शेवटी देव प्रसन्न होतो आणि रोहिदास "आई" म्हणत उठतो. तिथं त्यांनी वही मिटली, पाणी प्यायल्या, चप्पल घातली आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. त्या दिवशीही शेवटाकडं आलो आणि तसंच झालं.

मंडळात आता दोन तट पडलेत. काही जणी म्हणतात, स्मशानाचा प्रवेशच काढून टाका, निवेदनात सांगू. एक जण म्हणाली, राहू दे, त्यांना खरं रडू येईल आणि नाटक रंगेल. हे मला अजिबात आवडलं नाही. वैनींच्या मिस्टरांना विचारलं तर "तिला करू दे" एवढंच म्हणाले. त्यांच्या बहिणीचा फोन आला की कशाला खपली काढताय, दुसरा एखादा पार्ट द्या. पण आता पार्ट काढून घेतला तर त्या परत कधी गाणार नाहीत अशी मला भीती वाटते.

कुणी असा प्रसंग सांभाळलाय का? काय करावं?

नंदगडचा_प्रॉम्प्टर

ताई, विंगेत पुस्तक धरून माझी बरीच वर्षं गेली, म्हणून स्पष्ट सांगतो. स्मशान काढा. साप चावल्याची बातमी येते तिथं पडदा टाका, पुढचं सूत्रधाराच्या तोंडी घाला. लोकांना गोष्ट पाठ आहे, अडणार नाही.

कारण सांगतो. नट वाक्य विसरला तर प्रॉम्प्टर हात देऊ शकतो. नट रडायला लागला तर प्रॉम्प्टरच्या हातात काही नाही. मी विंगेतून कितीही ओरडलो तरी त्याच्या कानात शिरत नाही. पद चालू असेल तर पेटी-तबलावाले एक आवर्तन जास्त फिरवून वेळ काढतात. गद्यात ती सोय नाही. अख्खं पब्लिक बघत असतं आणि बाई एकटी पडते. ते बघवत नाही.

काढायचंच नसेल तर निदान स्मशानात गद्य कमी ठेवा आणि पदं जास्त. पेटीवाला अनुभवी घ्या, त्याची नजर तिच्यावर पाहिजे, सुरावटीच्या वहीवर नव्हे.

टिळकवाडी_रसिक

माझं मत वेगळं. करू द्या त्यांना.

12 मार्च 1911, मुंबई, मानापमानचा पहिला प्रयोग. खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि तरीही त्यांनी तोंडाला रंग लावला, प्रयोग केला. पुढं 1919 साली गडकऱ्यांचं एकच प्याला आलं. पहिला प्रयोग 20 फेब्रुवारीला बडोद्याला झाला, गडकरी स्वतः तो बघायला राहिले नव्हते, महिनाभर आधी 23 जानेवारीला गेले होते. त्या नाटकात सिंधूचं तान्हं बाळ दारुड्या बापाच्या हातून मरतं. ती सिंधू बालगंधर्वांनी केली. ज्या माणसाचं स्वतःचं मूल गेलं होतं त्यानं पुढं बाळ गमावलेली आई उभी केली आणि महाराष्ट्र-कर्नाटकातल्या बायका त्या सिंधूसाठी रडल्या.

आपला भाग तर संगीत नाटकाचं माहेर. अण्णासाहेब किर्लोस्कर सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. कलावंताचं दुःख कलेत उतरतं तेव्हा ते मोठं होतं. तुमच्या वैनींमध्ये ती ताकद दिसते.

खानापूरची_आक्का

ताई, तुझी पोस्ट वाचली, परत वाचली. तू विचारतीस स्मशान ठेवू का काढू, खरं तुझ्याच लिहिण्यात दिसतंय की वैनी स्मशानात अडकल्या नाहीत. सापाची बातमी वाचली, प्रेत मांडीवर घेतलं, पद म्हटलं. त्या उठून गेल्या कुठं? रोहिदास उठतो तिथं. परतच्या दिवशीही तिथंच. तुम्ही सगळ्या स्मशानाकडं बघत बसलाय आणि तिचं दुखणं पुढच्या पानावर आहे.

मला हे दिसलं कारण मी तारामती केलीय. आमच्या गावच्या लक्ष्मीच्या जत्रेत, माझा धाकटा गेला त्याच्या पुढच्या वर्षी. सहा वर्षांचा होता. कशानं गेला ते इथं लिहीत नाही. त्या काळी आमच्याकडं बायकांचे पार्ट एकतर पुरुष करायचे, नाहीतर कोल्हापूर-सांगलीकडची बाई ठरवायची. ठरलेली बाई येणार नाही असं कळलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तालमी आमच्याच पडवीत चालायच्या, त्यामुळं मला सगळ्यांची भाषणं पाठ. मालक म्हणाले, "तू करतीस का?" घरात त्यावरून काय काय झालं ते सोड. मी केलं.

शोकाचं पद मला जड गेलं नाही. उलट ते एकच होतं जे मला करायचं होतं. तेरावा झाल्यापासून आमच्या घरात लेकराचं नाव कुणी घेतलं नव्हतं. माझ्यावरच्या मायेनंच घेत नव्हते. सासूबाईंनी त्याचे कपडे ट्रंकेत घालून ट्रंक माळ्यावर टाकली, मला न सांगता. मी भाकऱ्या थापताना रडले तर धुरानं रडते म्हणायचे. आणि इथं पेटी सूर देत होती, तबला वाजत होता, समोर पोरंबाळं, म्हातारी माणसं घोंगडी पसरून बसलेली, आणि सगळे ऐकत होते. पदाला धृपद असतं, अंतरा असतो, फिरून फिरून सम येते. त्यात दुःखाला चालायला वाट मिळते आणि थांबायला जागाही मिळते. घरातल्या रडण्याला थांबायची जागाच नसते, ते दिवसभर चालूच. म्हणून नंदगडच्या दादांचं म्हणणं मला अर्धं पटलं. गद्य कमी, पदं जास्त, हे अगदी बरोबर. खरं स्मशान काढा हे नको. ते काढलं तर तिच्या पार्टात तिच्या हक्काची जी जागा आहे तीच तुम्ही काढून घेताय.

आता आळाचा प्रवेश. तो तुम्ही ठेवलाय का ते तू लिहिलं नाहीस. तारामतीनंच बाळ मारलं असा आळ येतो आणि तिचं डोकं उडवायची आज्ञा हरिश्चंद्रालाच होते. त्या प्रवेशात चार माणसं येऊन तिला बोलतात. आमच्या नाटकात बोलणारे सगळे गावातलेच होते, रोज घरी येणारे. ते वहीतलं बोलत होते खरं मला माझ्या घरचं ऐकू येत होतं. लेकरू गेलं की पहिल्यांदा आईलाच विचारतात, तुझं लक्ष कुठं होतं? मलाही विचारलं होतं, माझ्या माहेरच्या माणसांनीसुद्धा. वैनींनाही कुणीतरी विचारलंच असणार. काही काढायचंच असेल तर हे काढा किंवा दोन वाक्यांत उरका. तिच्या अंगावर माणसं घालू नका.

आणि रोहिदासाचं उठणं. हे नीट सांगते.

आमचा रोहिदास लोहाराचा मुलगा होता, भारी वळवळ्या. नाटक रात्री उशिरा चालू होऊन पहाटेला संपायचं. स्मशान यायच्या वेळेला पोरगं खरंच झोपून गेलेलं. मी त्याला मांडीवर घेतला होता आणि माझा हात त्याच्या पोटावर. लोकांना मेलेलं लेकरू दिसत होतं, माझ्या हाताखाली पोट वरखाली होत होतं. कोमट होतं. पद म्हणताना मला सारखं वाटत होतं की हे श्वास घेतंय, म्हणजे आता उठणार, मग मी काय करू? माझं लेकरू उठलं नव्हतं. सगळ्या गावासमोर ते उठल्याचा आनंद तोंडावर आणायचा, त्याला छातीशी धरायचं, आणि लोक टाळ्या वाजवणार. तालमीत मी तेवढंच टाळत होते. पाणी आणायला जायची, चुलीवर काहीतरी ठेवलंय म्हणायची. तुझ्या वैनी चप्पल घालून निघाल्या त्या ह्याच्यासाठी.

प्रयोगाच्या रात्री काय झालं, देव प्रसन्न झाला, हरिश्चंद्राच्या माणसानं पोराच्या टाचेला चिमटा काढला, पोरगं दचकून उठलं, आणि झोपेत "आई" म्हणून समोर पब्लिकमध्ये आपली आई शोधायला लागलं. ती पुढंच बसली होती. तिनं तिथूनच हात केला. लोक हसले, रडले, दोन्ही. मी तशीच बसून राहिले, माझा हात जोडलेला. ते लेकरू तिचं होतं, माझं नव्हतं, हे मला त्या गोंधळात एकदम स्वच्छ दिसलं, आणि त्यात मला बरं वाटलं. कुणाचं तरी लेकरू घरी जाणार होतं.

म्हणून तुला सांगते. त्या पोराला तालमीत पहिल्यापासून आण, त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारा, त्याला चिवडा द्या, त्याच्या खोड्या वैनींना बघू दे. तो बहिणीचा अमुक म्हणून ओळखीचा झाला पाहिजे. कुणीतरी हौशी बाई म्हणेल की वैनींच्या मुलाचा सदरा त्याला होतो का बघू. तिला तिथंच गप्प कर. शेवटी उठल्यावर त्यानं तारामतीकडंच जायला पाहिजे असं काही लिहून ठेवलेलं नाही, आधी बापाकडं जाऊ दे, हरिश्चंद्रानं उचलून घेऊ दे. तारामती देवाला हात जोडून उभी राहिली तरी नाटक पुरं होतं. आणि हे सगळं मंडळात चर्चा करून ठरवू नको. वैनींना एकटीला गाठ, घरी नको, कुठंतरी बाहेर, आणि "झेपेल का" असं विचारू नको. "शेवटी तुम्हाला कुठं उभं राहायचंय" असं विचार. झेपेल का विचारलं की माणूस होय म्हणतं आणि एकटं पडतं.

रोहिदास उठायचा प्रवेश मात्र काढू नका. समोर तुमच्या वैनींसारख्या किती बसल्या असतील तुला ठाऊक नाही. आमच्याकडं स्मशानाच्या कराचे पैसे मागायला तारामती पदर पसरून पब्लिकमध्ये उतरायची, तशी पद्धतच होती. बायका नाणी घालायच्या, ते पैसे देवळाला जायचे. मी उतरले तेव्हा कडेला आमच्या सासूबाई बसलेल्या. वर्षभर त्यांनी माझ्याशी त्या विषयावर एक शब्द काढला नव्हता. त्यांनी कनवटीची नोट काढली, पदरात टाकली आणि माझ्या मुलाचं नाव घेतलं. मोठ्यानं, शेजारणीला ऐकू जाईल असं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ट्रंक खाली काढली. आणि नाटक संपल्यावर बायका त्या लोहाराच्या पोराची दृष्ट काढायला रांगेनं आल्या. ते पोरगं उठलं नसतं तर त्या सगळ्या तशाच घरी गेल्या असत्या.

टिळकवाडीच्या रसिकांना एक विचारते, राग मानू नका. मानापमानची ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. बापानं रंग लावला, प्रयोग केला, सगळे सांगतात. त्या बाळाला आई होती की. त्या संध्याकाळी घरात ती काय करत होती, तिच्याजवळ कोण बसलं होतं, हे मला आजवर एकानंही सांगितलं नाही. तिला तर रंग लावायलाही जागा नव्हती. आणि "दुःख कलेत उतरतं" असं वैनींच्या कानावर जाऊ देऊ नका. कुणी तिला म्हणू नका की मुलाला आठव म्हणजे पार्ट चांगला होईल. ती आठवायला विसरलेली नाही. तिला सूर सांगा, जागा सांगा, कुठल्या अक्षरावर वळायचं ते सांगा. बाकीचं तिचं तिला राहू द्या.

प्रयोग संपल्यावर रंग उतरवायला तिच्याबरोबर कुणीतरी थांबा आणि तिला जेवायला घाला. मला कुणी विचारलं नव्हतं, मी उपाशीच घरी आले होते.

टिळकवाडी_रसिक

आक्का, राग कसला. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर माझ्याकडंही नाही, आणि इतकी वर्षं ती गोष्ट सांगताना मला तो प्रश्न पडला नव्हता हे खरं आहे.

ताई, एक गोष्ट मात्र बघा. तुमच्या बहिणीनं मुलाला मेलेलं दाखवायला मनापासून होकार दिलाय ना? दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली राजा हरिश्चंद्र काढला तेव्हा रोहिदासासाठी कुणी आपलं मूल द्यायला तयार होईना, गोष्टीत ते मरतं म्हणून. शेवटी त्यांनी स्वतःच्या मुलाला, भालचंद्राला उभं केलं. तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केली होती. आयांच्या मनातली ती भीती अजून तशीच असते, फक्त आता कुणी बोलून दाखवत नाही.

गोकाककर

आमच्या घरातली हकिकत लिहितो. विषयाला थोडी बाजूची आहे, पण आक्कांचं वाचून राहवलं नाही.

माझ्या पणजीचा थोरला मुलगा कानडी कंपनीबरोबर निघून गेला. मेला नाही, गेला. गळा गोड होता, रूप होतं. कंपन्यांना बायकांच्या पार्टांसाठी अशी मुलं लागायची. आमच्याकडं हे नवल नव्हतं. सौंदत्ती तालुक्यातले एणगी बाळप्पा असेच लहान वयात रंगभूमीवर आले, स्त्रीभूमिका केल्या, पुढं कंपनीचे मालक झाले आणि शंभरी ओलांडून 2017 साली गेले. मराठीत केशवराव भोसले पोरवयातच कंपनीत शिरले आणि 1908 साली हुबळीला त्यांनी स्वतःची ललितकलादर्श काढली. मोठी झालेली ही नावं आपल्याला माहीत आहेत. जी मुलं मोठी झाली नाहीत, आवाज फुटल्यावर ज्यांना पडदे ओढायला लावलं, त्यांचं काय झालं ते त्यांच्या घरच्यांनाही कळलं नाही. आमचा त्यातलाच.

पणजी घरात मराठी बोलायची, बाजारात कानडी. गोकाकला, घटप्रभेला, यल्लम्माच्या जत्रेला कुठल्याही कंपनीचा मुक्काम पडला की ती जायची. नाटक बघायला नव्हे, तिला तिकीट परवडायचंही नाही. ती सकाळी जायची, माणसं दात घासत, भांडी घासत असतात त्या वेळी, पत्र्याच्या थेटराच्या मागच्या बाजूला. प्रत्येकाचा चेहरा बघायची. वर्षं गेली तरी ती तेरा-चौदा वर्षांचाच मुलगा शोधत होती, असं आजोबा सांगायचे. आजोबा तिला म्हणायचे, आई, तो आता चाळिशीचा असेल. ती म्हणायची, असू दे, कानाच्या पाळीला तीळ आहे.

एकदा कुठल्याशा कंपनीतल्या स्वयंपाक्यानं तिला रोज नाष्टा द्यायला सुरुवात केली. तो तिचा मुलगा नव्हता. पण त्याचीही आई कुठंतरी होती, आणि मुक्काम हलेपर्यंत दोघं रोज सकाळी मागच्या बाजूला बसून बोलायची. पुढच्या वर्षी ती कंपनी परत आली तेव्हा पणजी त्याच्यासाठी शेंगाचटणी घेऊन गेली होती.

तुमच्या वैनींना माझा नमस्कार सांगा.

शहापूर_ताई

सगळ्यांना काय लिहू कळत नाही. आक्का, तुम्ही म्हणालात ते वाचलं आणि मी परत वही काढून बघितली. खरंच त्या शेवटच्या पानाच्या अलीकडं कुठंही थांबल्या नव्हत्या. आम्हाला कुणालाच ते दिसलं नव्हतं.

काल त्यांना घेऊन कपिलेश्वराला गेले. देवळाच्या मागं तळ्याजवळ बसलो. तुम्ही सांगितलंत तसंच विचारलं, शेवटी तुम्हाला कुठं उभं राहायचंय. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उभी कुठंही राहीन. तुम्ही सगळे पार्ट बायकांनी केलात ना, मग रोहिदास मुलगी करू दे की."

एवढं सोपं होतं, आणि आमच्या डोक्यात आलं नाही! त्या म्हणाल्या, मुलगी उठली तर मी तिला जवळ घेईन, मुलगा उठला तर मला घेता येणार नाही. स्मशान पूर्ण ठेवा म्हणाल्या, एक पदही कमी करू नका. आळाचा प्रवेश आमच्या वहीत होता. तो मी स्वतःच वाचून दाखवला आणि विचारलं. त्यांनी मान हलवली, तो काढलाय. तिथं आता फक्त दूताच्या तोंडी दोन ओळी आहेत. पब्लिकमध्ये पदर पसरून उतरायचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण आक्कांची पोस्ट त्यांनी माझ्या फोनवर वाचली आणि म्हणाल्या, उतरते. पैसे गल्लीतल्या अंगणवाडीला द्यायचे असं त्यांनीच ठरवलं. आणि मग त्यांच्या मुलाबद्दल बोलत बसल्या, त्याला काय आवडायचं, शाळेत कुणाशी भांडायचा. मी त्यांच्या शेजारी राहते आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

बहिणीला रसिकांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, तुला नाही म्हणता येईना म्हणून हो म्हटलं होतं. तेव्हा तोही गुंता सुटला. भाचा मात्र रुसलाय. त्याला साप चावल्याची बातमी आणणाऱ्या मुलांमध्ये घेतलाय आणि सगळ्यात आधी तोच बोलणार असं कबूल केलंय. रोहिदास आता आमच्या विश्वामित्राची नात, सात वर्षांची. वैनींनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, झोप लागली तर चालेल का तुला? ती म्हणाली, मला झोप येतच नाही.

खानापूरची_आक्का

मुलगीच बरी. हे मला सुचलं नसतं. वैनींना सांग, पोरीचं डोकं डाव्या मांडीवर घ्या, म्हणजे उजवा हात पदाच्या वेळी मोकळा राहतो. आणि पदर पसरून उतरताना पायऱ्या बघून ठेवा, हॉलच्या स्टेजला कडेची पायरी नेहमी उंच असते.

नंदगडचा_प्रॉम्प्टर

ताई, माझं म्हणणं मागं घेतो, स्मशान राहू द्या. तुमच्याकडं प्रॉम्प्टिंगला कोण आहे? कुणी नसेल तर मी येतो. नंदगडहून येणं-जाणं माझं मी बघेन, फक्त वहीची झेरॉक्स आठवडाभर आधी द्या. सगळ्या बायकांत एक पुरुष चालणार असेल तरच.

शहापूर_ताई

दादा, चालेल की, या. झेरॉक्स बसनं पाठवते. आणि सगळ्यांना एक विचारायचं राहिलं. पेटीला अजून माणूस मिळालेला नाही. वैनी काळी चारमध्ये गातात. बेळगाव-शहापुरात नाट्यपदांची साथ करणारं कुणी ओळखीचं असेल, बाई असली तर उत्तमच, तर मला निरोप करा. शिवाय सात वर्षांच्या पोरीला होईल असं छोटं जरीचं धोतर आणि राजपुत्राचा टोप भाड्यानं कुठं मिळेल? दोन ड्रेपरीवाल्यांकडं विचारलं, दोघांकडंही मोठ्यांचेच आहेत.